पातळ नॅनोफिल्मचे अरेषीय प्रकाशीय गुणधर्म झेड-स्कॅनने कसे मोजावेत

अरेषीय गुणधर्म म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेनुसार बदलणारे अपवर्तन व शोषण. ते मोजण्याच्या झेड-स्कॅन पद्धतीत लेसरचा किरण भिंगाने केंद्रित करावा आणि फिल्मचा नमुना किरणाच्या दिशेने नाभीच्या अलीकडून पलीकडे सरकवत पारगमन (आरपार गेलेल्या प्रकाशाचे प्रमाण) नोंदवावे. डिटेक्टरपुढे लहान छिद्र ठेवल्यास अरेषीय अपवर्तन कळते. छिद्र काढून सर्व प्रकाश गोळा केल्यास अरेषीय शोषण कळते. पहिल्या नोंदीला दुसरीने भागल्यावर उरलेल्या आलेखात आधी दरी व मग शिखर आले, तर अपवर्तनाचे चिन्ह धन समजावे.

नमुन्याची जाडी रेले लांबीपेक्षा, म्हणजे नाभीपासून किरण फारसा न पसरता जेवढे अंतर जातो त्यापेक्षा, कमी हवी. 532 नॅनोमीटरचा किरण 20 मायक्रोमीटर त्रिज्येपर्यंत केंद्रित केल्यास ही लांबी सुमारे 2.4 मिलिमीटर भरते, त्यामुळे फिल्मची चिंता नसते. खरी अडचण तिच्याखालच्या काचेची असते, कारण काही शे नॅनोमीटरच्या फिल्मपेक्षा एक मिलिमीटर काच हजारो पट जाड असते आणि तिचा स्वतःचा प्रतिसाद फिल्मच्या प्रतिसादात मिसळतो. म्हणून कोरी काच त्याच तीव्रतेला वेगळी स्कॅन करावीच.

लेसरची स्पंदने फार लागोपाठ आल्यास नमुना तापतो आणि उष्णतेने झालेले अपवर्तन इलेक्ट्रॉनिक परिणामासारखेच (पदार्थातील इलेक्ट्रॉनांच्या थेट प्रतिसादासारखेच) दिसते. अशा वेळी स्पंदनांची वारंवारता घटवून आलेख बदलतो का, हे पाहावे. शेवटी कमी तीव्रतेला पुन्हा स्कॅन घेऊन फिल्म जळलेली नाही, याची खात्री करावी.