काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे : सिटिझनशिपच्या तोंडी परीक्षेची तयारी

"फेडरल कायदे कोण करतं?" लेकीने कार्ड वाचलं. मी तव्यावरची पोळी उलटत म्हटलं, "पार्लमेंट." ती आठवीत, इथे अमेरिकेतच जन्मलेली. तिने कपाळावर हात मारला. "काँग्रेस, आई!" आता जन्मभर काँग्रेस म्हटलं की डोळ्यासमोर पंजा येणार, त्याला मी काय करू?

दहावीला नागरिकशास्त्रात बरे मार्क होते, म्हणून मी निर्धास्त होते. नेमके तेच आडवे आले. शब्द ओळखीचे, अर्थ मात्र भलतेच. त्यामुळे नव्याने तयारी करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: पाठांतराआधी डोक्यातली दिल्ली जरा बाजूला ठेवा.

'सेक्रेटरी' घ्या. आपल्याकडे सेक्रेटरी म्हणजे मंत्र्याच्या हाताखालचा आयएएस अधिकारी. इथे सेक्रेटरी हाच मंत्री, आणि त्याला काँग्रेसचं सदस्य राहताच येत नाही. मार्को रुबिओ २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले तेव्हा त्यांना सेनेटची, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाची, जागा सोडावी लागली. आपल्याकडे उलट: मंत्री झालात की सहा महिन्यांत कुठल्यातरी सभागृहात निवडून या, नाहीतर घरी जा. सत्तेची विभागणी म्हणजे काय, हे मला व्याख्येपेक्षा या एका फरकातून जास्त कळलं.

याच कारणाने इथे अविश्वास ठराव नाही. बहुमत गेलं तरी राष्ट्राध्यक्ष चार वर्षं जागेवर. उरतो महाभियोग, आणि तिथेही आपली गफलत होते. 'इम्पीच' झाला म्हणजे गेला, असं मी धरून चालले होते. प्रतिनिधिगृहाने, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, साध्या बहुमताने इम्पीच करणं म्हणजे नुसतं आरोपपत्र. खटला सेनेटपुढे चालतो आणि दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. अँड्र्यू जॉन्सन, क्लिंटन आणि दोनदा ट्रम्प इम्पीच झाले, पण एकाचीही खुर्ची गेली नाही. निक्सन यांनी १९७४ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या मतदानाआधीच राजीनामा दिला.

सेनेटला राज्यसभा समजू नका. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १. सेनेटमध्ये जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाचे २ आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगचेही २. मला हे अजूनही अन्यायाचं वाटतं, पण छोटी राज्यं १७८७ मध्ये फिलाडेल्फियात याच अटीवर राजी झाली.

उर्वरित अधिकारांचंही असंच उलटं. आपल्याकडे कुठल्याच यादीत नसलेला विषय केंद्राकडे जातो. इथे संविधानाच्या दहाव्या दुरुस्तीप्रमाणे तो राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतो. म्हणून तर ड्रायव्हिंग लायसन्स आणि शाळा राज्यांच्या हातात.

आता परीक्षेबद्दल. मी दिली तेव्हा यादी १०० प्रश्नांची होती. १० पर्यंत विचारत, ६ बरोबर आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज भरलेल्यांना १२८ ची यादी आहे, त्यातले २० आणि पासला १२. पर्याय देत नाहीत, तोंडानेच उत्तर द्यायचं. आपले सेनेटर आणि प्रतिनिधी कोण, हे मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा तपासा. जुन्या कार्डावर जुनीच नावं असतात. आणि मूळ संविधान एकदा वाचाच. दुरुस्त्या सोडल्या तर ते साडेचार हजार शब्दांच्या आसपास आहे, एका संध्याकाळचं काम. आमच्या फ्रिजवर ते महिनाभर हळदीच्या बोटांचे ठसे घेऊन लटकत होतं.

मुलाखतीत पहिली पाच उत्तरं धडाधड गेली. सहावा प्रश्न: फेडरल कायदे कोण करतं? जिभेच्या टोकावर आलेलं 'पार्लमेंट' मी गिळलं. "काँग्रेस." अधिकाऱ्याने कागद मिटला, कारण सहा झाले होते. महाभियोग एवढा घोटला होता, तो त्याने विचारलाच नाही.