रिशल्यूला कथेत आणताय? या चुका टाळा

‘असं झालं असतं तर’ छापाची कथा लिहायला बसलं, की सतराव्या शतकातल्या फ्रान्सचा कार्डिनल (म्हणजे कॅथलिक चर्चमधला बडा धर्मगुरू) रिशल्यू हमखास हाताशी येतो. लाल झगा, टोकदार दाढी, मांडीवर मांजर आणि सगळ्या युरोपला खेळवणारा खलनायक. गडबड तिथूनच सुरू होते.

सगळ्यांत महागात पडते ती त्याला सर्वशक्तिमान समजण्याची चूक. १६२४ पासून मरेपर्यंत तो मुख्यमंत्री होता खरा, पण सगळा डोलारा राजा तेराव्या लुईच्या मर्जीवर उभा. नोव्हेंबर १६३० मधला प्रसंग बघा. पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्यात राजमाता मारी द मेदिची मुलाच्या मागे लागली होती, याला काढ म्हणून. दारं बंद. रिशल्यू प्रार्थनागृहाच्या उघड्या राहिलेल्या दारातून आत शिरला, आणि राजमातेने त्याला राजासमोरच फैलावर घेतलं. राजा काही न ठरवता निघून गेला. कार्डिनल संपला, असं धरून दरबारी राजमातेच्या दारी गोळा झाले. राजाने मात्र त्याला व्हर्सायला बोलावलं आणि पदावर कायम ठेवलं! (व्हर्साय म्हणजे तेव्हा शिकारीचा वाडा. तिथे झुंबरं टांगू नका.) फ्रेंच या दिवसाला ‘फसलेल्यांचा दिवस’ म्हणतात.

मग इतिहासाला वळण कुठे द्यायचं? बहुतेक जण रिशल्यूवर मारेकरी घालतात. मला त्याच वर्षीचा सप्टेंबर जास्त मोहात पाडतो. लियाँमध्ये राजा मरणाच्या दारात पोचला होता. मूलबाळ नव्हतं, म्हणजे गादी धाकट्या भावाकडे, गास्तोंकडे. तो राजमातेचा लाडका आणि रिशल्यूच्या जिवावर उठलेला. कार्डिनलच्या केसालाही धक्का न लावता तुम्ही त्याला संपवू शकता.

दुसरी चूक, कार्डिनल म्हणजे पोपचा माणूस असं धरून चालणं. ला रोशेल या प्रोटेस्टंट बंदराला त्याने १६२७-२८ मध्ये वेढा घातला, तोही उंटावरून शेळ्या हाकत नव्हे. राजा पॅरिसला परतला तेव्हा सैन्याची सूत्रं याच्याच हाती होती. समुद्रात सुमारे दीड किलोमीटरचा बांध घालून त्याने इंग्रजांची मदत अडवली. सत्तावीस हजारांच्या आसपासच्या वस्तीतले जेमतेम पाच हजार उरले. आणि एवढं करून १६२९ च्या तहात त्याने प्रोटेस्टंटांचे किल्ले काढून घेतले, उपासनेचा हक्क राहू दिला. पुढे १६३१ मध्ये प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवला, १६३५ मध्ये कॅथलिक स्पेनशी युद्ध पुकारलं. तुमच्या कथेत तो धर्मापायी स्वीडनशी भांडत असेल, तर ते प्रकरण सरळ फाडा.

बारीकसारीक चुका म्हणजे, चौदावा लुई त्याचा सल्ला घेताना दिसतो. रिशल्यू डिसेंबर १६४२ मध्ये गेला तेव्हा ते पोर चार वर्षांचं होतं. रिशल्यूचा विश्वासू फादर जोसेफ १६३८ अखेरीस वारला, तरी १६४० च्या प्रसंगात कुजबुजत असतो. आणि सज्जनाच्या हातच्या सहा ओळींत त्याला फाशी देण्याजोगं काही सापडेल, हे रिशल्यूच्या नावावर खपणारं वाक्य त्याच्या तोंडी घालायचंच असेल तर कथेत खुशाल घाला, प्रस्तावनेत पुरावा म्हणून नको.