आरसीसीबी पडतो म्हणून ‘डायरेक्ट’ करू नका: शाळा-बालवाडीच्या इमारतीत होणाऱ्या चुका

पहिला दमदार पाऊस पडला की शाळेतली लाइट जायला लागते. महावितरणचा पुरवठा चालू असतो, पण बोर्डातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, पडलेला (आपोआप बंद झालेला) असतो. शिपाई वर करतो, थोड्या वेळाने तो पुन्हा पडतो. शेवटी वायरमन येतो, दोन वायरी काढून, आरसीसीबीला वगळून ‘डायरेक्ट’ करून देतो आणि चहा पिऊन जातो. माझ्या मते शाळेच्या वायरिंगमधली सगळ्यांत वाईट चूक हीच. आरसीसीबी बिघडलेला नसतो, कुठेतरी करंट गळतोय एवढंच तो सांगत असतो.

‘एमसीबी आहे ना, मग झालं’ हा समज खोटा आहे. एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी आलेला छोटा स्विच, जादा लोड आणि शॉर्ट सर्किटपासून वायर वाचवतो. माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा छोटा अंशही पुरतो, आणि 10 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी मात्र फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का हे बघतो आणि फरक दिसला की लाइन तोडतो. माणसाला शॉकपासून वाचवायचं तर तो 30 मिलिअँपिअरचाच हवा. कधी कधी 100 किंवा 300चा बसवलेला असतो. तो आगीच्या धोक्यासाठी ठीक, शॉकसाठी नाही. आकडा त्याच्या तोंडावरच छापलेला असतो, आजच वाचून घ्या. टेस्टचं बटण दाबूनही तो पडत नसेल तर बदलायला झाला आहे.

गळती शोधायची कशी? सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याच्यावर पडेल ती लाइन संशयित. पावसाळ्यात बहुधा वॉटर कूलर, बोअरची मोटर, बाहेरच्या भिंतीवरचा दिवा किंवा पत्र्याला घासून सोललेली वायर निघते. पण कधी पडतो, कधी दिवसभर टिकतो, असं असेल तर न्यूट्रलकडे बघा. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल कुठे ओल्या भिंतीला किंवा अर्थिंगला टेकला असेल तर त्या लाइनचा एमसीबी बंद असूनही दुसऱ्याच वर्गातला पंखा लावल्यावर आरसीसीबी पडू शकतो. दुसरा नेहमीचा गुन्हेगार इन्व्हर्टर. त्याची लाइन ओढताना जवळ सापडला तो न्यूट्रल जोडून टाकतात. आरसीसीबीतून गेलेला करंट त्याला वळसा घालून परत आला की तो पडणारच. न्यूट्रल वेगळे करणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ते परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या.

अर्थिंगचं दुखणं निराळं. जुन्या जिल्हा परिषद शाळांत अर्थिंगशिवायचं, दोनच वायरींचं वायरिंग होतं. त्यावर आता टीव्ही, प्रोजेक्टर, संगणक आले. तीन पिनांचा टॉप (प्लग) बसतो, पण तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. काही ठिकाणी तर टॉपही नसतो, उघड्या वायरी काड्या खुपसून अडकवलेल्या. याहून घातक म्हणजे बोर्डातच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडणं. मागे कुठे न्यूट्रल तुटला की कूलरच्या अख्ख्या अंगात करंट उतरतो आणि त्याच्या नळाखाली पोरं रांगेत उभी असतात. अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडाठाक पडतो. त्यात पाणी घालावं, आणि वर्षातून एकदा तरी अर्थ टेस्टरने (अर्थिंग मोजायच्या यंत्राने) रीडिंग घेऊन वहीत नोंदवावं.

बालवाडीत सॉकेट खाली, मुलांच्या हाताशी असेल तर प्लग काढल्यावर भोकं आपोआप झाकणारा शटरचाच सॉकेट हवा. राष्ट्रीय विद्युत संहितेतही हेच म्हटलं आहे. वरून लावायच्या प्लॅस्टिकच्या बुचांवर माझा विश्वास नाही. झाडताना निघतात आणि मग पोराच्या तोंडात सापडतात.

आता जिना. मीटर आणि मेन स्विच जिन्याखाली, त्याला टेकून मोडकी बाकं, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कधी पोषण आहाराची पोती. आग लागलीच तर ती नेमकी बाहेर पडायच्या वाटेवर लागते आणि धूर जिन्यातून वर चढतो. तमिळनाडूत कुंभकोणमला 16 जुलै 2004 रोजी स्वयंपाकाच्या शेडमधली आग शाकारलेल्या छपरांवरून वर्गांत पोचली आणि 94 मुलं गेली. त्यानंतरच्या याचिकेवर 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या इमारती राष्ट्रीय इमारत संहितेनुसार असाव्यात असे निर्देश दिले. त्या संहितेत शाळेचा जिना किमान दीड मीटर रुंद आणि बाहेर पडायचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं सांगितलं आहे. बाहेरचा कुणी आत येऊ नये म्हणून ओढायच्या लोखंडी गेटला कुलूप घालतात. काळजी रास्त आहे, पण किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असेल तर काय उपयोग? आतून किल्लीशिवाय निघेल अशी, मोठ्यांच्या हाताच्या उंचीवरची कडी लावा. फ्लॅटमधल्या प्लेग्रुपने खिडकीच्या ग्रिलचा एक भाग उघडता ठेवावा, आणि राहत्या जागेचा वापर बदलायची परवानगी आहे ना, तेही पाहावं.

कागदांत एकच गोष्ट हमखास विसरली जाते. महाराष्ट्राच्या 2006च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा द्यायचं असतं. आग विझवायच्या सिलिंडरवरचा स्टिकर म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हे.

वायरिंगची दुरुस्ती उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकावी. राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. एकदा पोरं आली की वर्ग रिकामा करून भिंत खणायला कुणी देत नाही, आणि वायरमन पुन्हा ‘डायरेक्ट’ करून द्यायला मोकळा.