हळद-कडुनिंबाच्या नॅनो पट्ट्या: या चुका टाळा

"सर, रंग बदलला, नॅनोकण झाले!" हळद-कडुनिंबाच्या अर्काने सिल्व्हर नायट्रेटपासून चांदीचे नॅनोकण बनवायचे आणि ते बारीक धाग्यांच्या जाळीत घालून जखमेवरची पट्टी करायची, असं हे काम. नवी बॅच आली की पंधरा दिवसांत हे वाक्य कानावर पडतंच.

एका मुलाने हळदीच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट घातलं आणि यूव्हीच्या आलेखात (द्रावण कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते दाखवणाऱ्या) ४२५ नॅनोमीटरला छान शिखर आलं. चांदीच्या नॅनोकणांचं शिखर ४०० ते ४५०च्या आसपास येतं, त्यामुळे पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी दादरहून पेढे घेऊनच आला. मी आधी पेढा खाल्ला, मग विचारलं, "नुसत्या अर्काचा आलेख कुठाय?" काढलेलाच नव्हता. काढला तर शिखर तिथेच! हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, करक्यूमिन, तेही त्याच तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषतं. महिना पाण्यात. आता अर्काचा आलेख वहीत चिकटवल्याशिवाय मी सिल्व्हर नायट्रेटची बाटली हातात देत नाही.

जिवाणूंच्या चाचणीतही तीच घाई. कण सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून तळाशी बसवून) धुतले नाहीत तर उरलेले चांदीचे सुटे आयनच जिवाणू मारतात आणि कौतुक नॅनोकणांचं होतं. जिवाणू वाढवलेल्या प्लेटवर कोरी पट्टी, नुसता अर्क, नुसतं सिल्व्हर नायट्रेट आणि आपली पट्टी, चारही हवेत. तीन वेळा धुवायचा कंटाळा येत असेल तर दुसरा विषय घ्या.

नळाचं पाणी नको. त्यातल्या क्लोराइडने पांढरा गढूळपणा येतो. फ्रिजमधला आठवड्याचा अर्क फेका. कडुनिंब म्हणून त्याच्यासारखंच दिसणारं बकाणनिंब तोडून आणणारेही भेटलेत. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना ओळखून घ्या.

आता इलेक्ट्रोस्पिनिंग, म्हणजे उच्च व्होल्टेजने द्रावणातून अतिबारीक धागे ओढून पट्टीची जाळी बनवणं. मुंबईच्या जुलैत, हवेत नव्वद टक्के दमटपणा असताना, खिडकी उघडी ठेवून पीव्हीए (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) कातायला बसणाऱ्यांना काय म्हणावं? धागा वाळतच नाही, गाठी पडतात, जाळीचा लगदा होतो. मग दोष व्होल्टेजला. बंद पेटी, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक एवढं तरी ठेवा. मी स्वतः पावसाळ्यात फक्त कण बनवतो, धागे डिसेंबरला. आणि क्रॉसलिंक न केलेलं, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडून पक्कं न केलेलं पीव्हीए जखमेच्या ओलीत विरघळतं. या जोडणीसाठी ग्लुटारल्डिहाइड वापरलंत तर भरपूर धुवा, ते पेशींना विषारी आहे.

"थोडी चांदी वाढवू का?" नको. जिवाणूंबरोबर जखम भरणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशीही मरतात. आधी एल९२९ पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या फायब्रोब्लास्टवर) चाचणी करा. लोकलमध्ये खरचटलेल्या स्वतःच्या कोपरावर पट्टी लावून "काही झालं नाही, सर" सांगणाऱ्याला मी त्या दिवशी लॅबबाहेर बसवलं होतं.