बेसबॉलमध्ये बॉल लांब मारायचाय? मग आधी पाय आणि कंबर शिका

नवीन पोरगं बॅट हातात घेतं की सगळा जोर दंडात आणतं, दात-ओठ खाऊन बॅट फिरवतं आणि बॉल सरपटत जातो पिचरच्या (म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या) पायाशी. होझे अल्तुवे जेमतेम 5 फूट 6 इंचाचा आहे, तरी अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये त्याने 200 च्या वर होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर, आपल्या सिक्सरसारखा) मारलेत, ते काय नुसत्या दंडाच्या जीवावर नाही. गोफणीचा दगड लांब जातो पण गोफण फिरवणारा पाय रोवून उभा असतो ना, इथेही तसंच आहे, जोर जमिनीतून पायात, पायातून कंबरेत, मग छाती, हात आणि सगळ्यात शेवटी बॅट.

(खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी उलटं करून घ्या.)

आधी उभं राहणं. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवा, गुडघे किंचित वाकवा, वजन चवड्यांवर. झालं.

आता वजन मागच्या उजव्या पायावर घ्या, पण तळव्याच्या आतल्या बाजूवर. गुडघा पावलाच्या बाहेर गेला की तुम्ही नुसते मागे झुकलात, पुढे ढकलायला काही उरत नाही. जुनी चप्पल दुमडून उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेखाली ठेवा आणि प्रॅक्टिस करा, वजन आपोआप आत राहतं.

मग पुढचं पाऊल. जपानचा सादाहारू ओ हा खेळाडू पुढचा पाय पार वर उचलून एका पायावर थांबायचा आणि त्याने 868 होमरन मारले, जपानच्याच शोहेई ओहतानीने 2018 मध्ये अमेरिकेत आल्यावर पाय उचलणं सोडून नुसती टाच उचलून टेकवायला सुरुवात केली, तोही धो धो मारतो. म्हणजे पाय किती उचलायचा हे तुमच्यावर आहे, फक्त पाऊल हळू आणि वेळेत पडलं पाहिजे, कारण ताशी 95 मैल वेगाचा बॉल साधारण 0.4 सेकंदात प्लेटवर (म्हणजे बॅट्समनसमोरच्या पाटीवर) येतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. डावी टाच टेकली की कंबर फिरायला लागते आणि हात मात्र अजून मागेच असतात. ओलं धुणं पिळताना एक टोक धरून दुसरं फिरवतो तसा पोटाला आणि पाठीला पीळ बसतो आणि तो सुटताना बॅटला वेग मिळतो. कंबर आणि खांदे एकदमच फिरले तर पीळच बसत नाही, मग राहतात नुसते हात.

त्याच वेळी वाकलेला डावा गुडघा ताठ होत जातो. हा पाय म्हणजे ब्रेक आहे, पळती बस करकचून थांबली की आपण पुढे फेकले जातो तसं खालचं अंग थांबलं की वरचं जोरात फिरतं. क्रिकेट खेळलेल्यांना हेच जड जातं, ड्राइव्ह मारताना पुढच्या गुडघ्यावर झुकायची सवय असते, मला स्वतःला ती मोडायला अख्खा सीझन लागला.

अजून एक, मागचा पाय "किडा चिरडल्यासारखा" फिरवा असं बरेच जण शिकवतात, मला ते अजिबात पटत नाही. कंबर नीट फिरली की मागची टाच आपोआप उचलली जाते, मुद्दाम पाय फिरवला तर वजन मागेच अडकतं.

घरी करायला एक सोपा ड्रिल: झाडूचा दांडा कंबरेमागे आडवा धरून दोन्ही कोपरांत अडकवा, पाऊल टाका, एक क्षण थांबा आणि मग बेंबी पिचरकडे येईपर्यंत कंबर फिरवा. रोज 10-15 वेळा पुरे, पण आधी अंग गरम करा आणि गुडघा किंवा पाठ दुखली तर तिथेच थांबा.

मैदानात मातीवर दहा स्विंग मारून खाली बघा. डाव्या पावलाचा ठसा खोल आणि एका जागी हवा, उजव्याचा चवडा थोडा पुढे घासत गेलेला. डावा ठसा पुढे घसरलेला दिसला तर ब्रेक लागत नाहीये, आणि उजव्या जागी नुसता गोल खड्डा पडला असेल तर वजन अजून मागेच आहे.