फोटोची फाइल उघडत नाही? मग या चुका टाळा

फाइलवर डबल क्लिक केलं आणि 'फॉरमॅट सपोर्टेड नाही' असा मेसेज आला की बहुतेकांचा हात आधी नावाकडे जातो. शेवटचं .एचईआयसी (आयफोनच्या फोटोंचा फॉरमॅट) खोडून तिथे .जेपीजी लिहिलं जातं. त्याने फक्त नाव बदलतं, आतला मजकूर आहे तसाच राहतो. उलट फाइल मुळात काय होती याचा माग पुसला जातो आणि पुढची शोधाशोध वाढते.

आधी एवढंच ठरवा: फाइल बिघडली आहे, की फाइल चांगली आहे आणि समोरच्या प्रोग्रामलाच ती कळत नाही? बघायला फार काही लागत नाही. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साइज बघा. ० बाइट असेल तर आत काहीच नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. कॅमेऱ्यातला फोटो म्हणून आलेली फाइल जेमतेम काही केबीची असेल, तर तो बहुधा फोटो नसून डाउनलोड करताना सेव्ह झालेलं एखादं एरर पेज असतं.

साइज ठीक असेल तर फाइलची एक कॉपी करा आणि ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. पडद्यावर सगळी अगम्य चिन्हं दिसतील, पण अगदी सुरुवातीची अक्षरं बोलकी असतात. तिथे 'पीएनजी' (PNG) दिसलं तर ती पीएनजी. 'जेएफआयएफ' (JFIF) किंवा 'एक्झिफ' (Exif) दिसलं तर जेपीजी. 'रिफ' (RIFF) आणि लगेच पुढे 'वेबपी' (WEBP) असेल तर वेबपी, म्हणजे वेबसाइटवरच्या चित्रांचा फॉरमॅट, मग नावात काहीही असो. 'एचटीएमएल' दिसलं तर ते वेबपेज. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा. नोटपॅडमधून सेव्ह केलेला फोटो कायमचा बिघडतो, म्हणून तर कॉपी करायला सांगितलं.

आयफोनचे फोटो हा नेहमीचा घोळ. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून नवे आयफोन फोटो एचईआयसीमध्ये ठेवतात. फाइल ठणठणीत असते, बऱ्याच विंडोज कॉम्प्युटरना ती वाचता येत नाही एवढंच. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स' टाकून बघा. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स इथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपीजीमध्ये निघतात. आधी काढलेले मात्र बदलत नाहीत, ते कन्व्हर्टच करावे लागतात. वेबपी अडली तर ब्राउझरच्या खिडकीत ओढून टाका, उघडते.

आता खरोखर बिघडलेल्या फाइली. वरचा भाग नीट दिसतो आणि खाली सगळा राखाडी पट्टा, म्हणजे बहुतेक वेळा कॉपी अर्धवट झाली आहे. कॉपी चालू असताना केबल किंवा कार्ड उपसलं की हमखास असं होतं. जो डेटा फाइलमध्ये आलाच नाही तो कुठलंही रिपेअर सॉफ्टवेअर आणू शकत नाही, जाहिरात काहीही म्हणो. मूळ फोनवरून किंवा कार्डावरून पुन्हा कॉपी करा. आणि थंबनेल दिसतंय म्हणून फोटो शाबूत आहे असं समजून मूळ फाइल उडवू नका. थंबनेल हे बऱ्याचदा फाइलच्या सुरुवातीलाच ठेवलेलं वेगळं छोटं चित्र असतं. मोठा फोटो गेला तरी ते दिसत राहतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मेमरी कार्डाची. 'कार्ड फॉरमॅट करायचं का?' (म्हणजे पुसून कोरं करायचं का) असं विचारलं की लोक बिनधास्त 'हो' दाबतात, नाहीतर त्याच कार्डावर आणखी चार फोटो काढून बघतात. नवे फोटो जुन्यांच्या जागेवर लिहिले गेले की जुने परत मिळत नाहीत. कार्ड लगेच बाहेर काढा, कॉम्प्युटरला लावा आणि फोटोरेकसारखं मोफत सॉफ्टवेअर चालवा. ते फोल्डरच्या यादीवर विसंबत नाही, फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधत जातं. त्यामुळे फोटो मिळाले तरी जुनी नावं मिळत नाहीत. सापडलेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता दुसऱ्या ड्राइव्हवर सेव्ह करा.