सोसायटीच्या ग्रुपवर आलेला डेंग्यूचा मेसेज पुढे पाठवण्याआधी

पावसाळ्यात कोपरखैरणे असो वा वर्तकनगर, असे मेसेज येतातच. वर दुहेरी बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण असेल, तर तो किमान पाच हातांतून फिरलाय. म्हणून तो खोटाच असं नाही, पण तपासल्याशिवाय हलवू नका. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाका. बरेचदा जुन्या साथीचा निघतो. महापालिकेचं नाव असेल तर तीच सूचना पालिकेच्या वेबसाइटवर शोधा. नुसत्या लोगोवर जाऊ नका, तो कुणीही चिकटवतो.

स्वतः सूचना लिहिताना पोस्टर टाळा. चित्रातला मजकूर ग्रुपमध्ये शोधता येत नाही, तारीख नसेल तर पुढच्या वर्षी तेच पुन्हा फिरतं. साधा मजकूर लिहा, पहिल्या ओळीत तारीख आणि करायचं काम:

'१२ जुलै. कूलर, कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा. ताप आल्यास डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो.'

घासणं का? डासांची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून टाकल्याने जात नाहीत. सूचनेतून 'घासा' हा शब्द गाळलात तर निम्मे लोक फक्त पाणी ओतून टाकतील. आजोबा-आजींसाठी तेच व्हॉइस नोटमध्ये सांगा, अर्ध्या मिनिटात. सल्ल्यासाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८.